गुरुवारचा राखीव

थोरलीने सलग दोनशे अकरा गुरुवार एकदाही दांडी मारली नव्हती आणि रेडिओ केंद्रावर सगळ्यांना याचं फार कौतुक होतं. कौतुक करायला काय जातं? कौतुक करणाऱ्यांना दर गुरुवारी तीन ते चार तिच्या खुर्चीत बसायचं नव्हतं.

केंद्र म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. एका खोलीत माईक, दुसरीत मास्तर. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. पगार कुणालाच नाही. ज्याला गाण्यांची खाज आहे त्याने आपापला धंदा सांभाळून आठवड्यातून एक तास यायचं, आपल्या आवडीची गाणी लावायची, अधूनमधून बोलायचं आणि जाताना पंखा बंद करायचा. एक निवृत्त सिस्टर होती, ती फक्त बासरी लावायची. एक नळदुरुस्तीवाला होता. तो आठवडाभर हसत हसत लोकांचे नळ दुरुस्त करायचा आणि शनिवारी तासभर अशी रडकी गाणी लावायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरी काहीतरी भयंकर घडलंय. काही घडलेलं नव्हतं. त्याला आवडायची तशी गाणी, बस्स.

या सगळ्यांवर मास्तर. जन्मभर पोस्टात शिक्के मारलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून नियम थोडाच सोडणार? त्याने केंद्राला इतके नियम लावले होते की सरकारला लाज वाटावी. त्यातला एक नियम राखीव कार्यक्रमाचा. प्रत्येकाने आपल्या कार्यक्रमाचा एक भाग आधीच रेकॉर्ड करून ठेवायचा. माणूस वेळेवर आला नाही तर मास्तर पाच मिनिटं वाट बघणार आणि बटण दाबून राखीव लावणार. कुणाच्या बदली दुसरा कुणी बसणार नाही. पूर्वी एकदा सिस्टरच्या तासाला नळवाला बसला होता, त्यावरून वर्षभर अबोला झाला, तेव्हापासून बदली बंद. आणि बाहेरच्या फळ्यावर नाव त्याचंच, जो स्वतः येतो किंवा ज्याचा आवाज राखीवमध्ये आहे. आवाज काढला की नाव पुसायचं. मास्तरांच्या मते यात काही चूक नव्हती.

इथेच थोरलीचं घोडं पेंड खात होतं.

तिचा कार्यक्रम मुळात तिच्या एकटीचा नव्हताच. अकरा वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या भावाने मिळून तो सुरू केला होता. नाव काय, तर 'थोरली आणि धाकटा'. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नाचं दोघांचंही जमलं नाही. त्याची कारणं लांबलचक आहेत आणि इथे कामाची नाहीत. दोघं आईबरोबर राहायची आणि घरी जी भांडणं अर्धवट राहायची ती गुरुवारी माईकसमोर पुरी करायची. तिला संथ गाणी आवडायची, त्याला उडती. ती गाणं लावायची, तो म्हणायचा, "हे गाणं संपेपर्यंत माझा एक मजला चढून होतो." लोक भांडण ऐकायला रेडिओ लावायचे, मध्ये मध्ये गाणी लागायची तेवढीच विश्रांती.

चार वर्षांपूर्वी बाराव्या मजल्यावर काम करता करता धाकट्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. चव्वेचाळीस वर्षांचा. त्याला खाली आणलं ते जिन्याने, कारण लिफ्ट त्यानेच उघडून ठेवली होती.

आई तीन महिने जवळजवळ बोललीच नाही. विचारलं तर हो, नाही, नको. डॉक्टरांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं, रक्तदाब असा वरखाली होतोय, हिला आता धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. थोरलीने ते मनावर असं घेतलं की घरात भांडं पडलं तरी ती आधी आईच्या तोंडाकडे बघायची.

पहिले दोन गुरुवार मास्तरांनी स्वतःचा नियम मोडून सिस्टरला बासरी लावायला बसवलं. मग ते थोरलीला म्हणाले, "थोरलीबाई, पुढच्या गुरुवारपासून काय करू या? तुमचा राखीव आहे माझ्याकडे. पण आधीच सांगतो, त्यात तुम्ही नाही. तुमचा घसा बसला होता तेव्हा तो एकटाच येऊन रेकॉर्ड करून गेला. आणि शेवटी त्याने नियमाबाहेर जाऊन आईशी काहीतरी बोलून ठेवलंय. मी त्याला रागावलो होतो तेव्हा."

आई दर गुरुवारी पावणेतीनलाच रेडिओ लावून बसायची. तिला रेडिओ लावू नकोस म्हणायला तोंड कुठलं? एका दुपारी अचानक गेलेला मुलगा 'आई' म्हणून हाक मारायला लागला तर त्या बाईचं काय होईल?

"मी येते," थोरली म्हणाली. "तो लावू नका. कधीच लावू नका."

"तुम्ही आलात तर कशाला लावू?" मास्तर म्हणाले.

म्हणजे यायलाच हवं. आलं लक्षात? तिने नवा राखीव दिला असता तर प्रश्न मिटला असता. मास्तर दरवर्षी सांगायचे, जुन्याची कॉपी करून देतो, घरी जपून ठेवा. पण प्रश्न कॉपीचा नव्हता. नवा दिला की फळ्यावरून 'आणि धाकटा' जाणार. ती तीनदा नवा राखीव रेकॉर्ड करायला बसली. तीनही वेळा पहिलं गाणं लावलं, तोंड उघडलं, आणि उठून घरी आली. तो लागूही द्यायचा नाही आणि काढायचाही नाही, अशी तिने स्वतःची गोची करून घेतली होती. ती सोडवायचा एकच मार्ग तिला दिसत होता, तो म्हणजे दर गुरुवारी तीनच्या आत त्या खुर्चीत बसायचं.

मग काय, ताप असला तरी गेली. पाय मुरगळला तेव्हा रिक्षा करून गेली आणि वरचा जिना बसून बसून चढली. लॅबच्या मालकाकडून गुरुवारची अर्धी सुट्टी मागून घेतली, त्या बदल्यात रविवारची सकाळ दिली. एकटीने भांडायचं कुणाशी? त्यामुळे ती नुसती गाण्यांची नावं सांगायची, दोन ओळी बोलायची, पुढचं लावायची. कार्यक्रम बरा होत नाही हे तिलाही कळत होतं. गाणी ऐकण्यातला आनंद कधीच आटला होता. हेडफोन कानाला लावला की तिला वाटायचं, झालं, अजून एक आठवडा टळला. आणि घरी आली की आई विचारायची, "आलीस?" एवढंच. कसा झाला, काय लावलंस, काही नाही. थोरलीला वाईट वाटायचं, पण आईला काही बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

दोनशे बाराव्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात लॅबमध्ये कामाचा नुसता ढीग पडला. एका डॉक्टरने गावोगावी शिबिरं घेतली होती आणि म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यांचे साचे पेट्या भरभरून येत होते. प्रत्येक साच्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचं, चकचकीत करायचं. एका दाताची जागा केसभर चुकली तर माणूस जेवताना तिचा उद्धार करणार. थोरलीच्या नखांत प्लास्टर, केसांत प्लास्टर. त्यात आईला खोकला, म्हणजे दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. गुरुवारी दीड वाजता ती घरी आली तेव्हा तिच्या अंगात त्राण म्हणून नव्हतं. आईला जेवायला वाढलं, स्वतः चार घास खाल्ले, ताट तसंच ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत लादीवर आडवी झाली. लादी गार होती.

"पाच मिनिटं पडते," ती म्हणाली. "मला दोनला उठव."

आई "बरं" म्हणाली.

थोरलीला जाग आली तेव्हा तिच्या अंगावर चादर होती. चादर तिने घेतली नव्हती. खिडकीतलं ऊन भिंतीवरून पार कपाटापर्यंत सरकलेलं. तिने घड्याळ पाहिलं. पाच वाजायला वीस मिनिटं.

ती उठली नाही, अक्षरशः उसळली. फोन उशाशी ठेवला होता, तो जागेवर नव्हता. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. हे दार कधी लोटलेलं नसायचं. थोरलीच्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी आजारी म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको.

आत आई स्टुलावर बसून वाळलेले टॉवेल घडी करत होती. ओट्यावर रेडिओ, बंद. शेजारी थोरलीचा फोन. आईचे डोळे लाल होते, नाक लाल होतं, पण ती बसलेली होती, आणि टॉवेलाच्या घड्या नेहमीसारख्या काटेकोर.

"आई, तू ठीक आहेस ना?"

"मला काय झालंय?"

थोरलीने कपाटातून रक्तदाबाचं यंत्र काढलं, आईचा हात ओढला, पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला.

"लागला का?" तिने विचारलं.

"लागला," आई म्हणाली.

"सगळा?"

"सगळा. गप्प बस, मशीन चालू असताना बोलू नये, तूच सांगतेस."

पट्टा सुस्कारा टाकून सैल झाला. थोरलीने आकडा वाचला. एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. कित्येक महिन्यांत इतका चांगला आला नव्हता. तिला पटेना, तिने पुन्हा लावलं. पुन्हा जवळपास तेवढाच. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता रागही आला.

"उठव म्हटलं होतं ना तुला? दोनला उठव म्हटलं होतं."

"नाही उठवलं."

"आणि मास्तरांनी फोन केला नाही?"

"तीनदा केला. पहिल्यांदा वाजला तेव्हा तुझ्या उशाशी होता तो मी इकडे आणला. तिसऱ्यांदा घेतला. म्हटलं, ती झोपलीय. ते म्हणाले, अहो उठवा तिला, नाहीतर राखीव लागेल. मी म्हटलं, लावा." आईने पुढचा टॉवेल उचलला. "ते म्हणाले, आई, तुम्हाला माहीत आहे का त्यात कोण आहे? मी म्हटलं, मास्तर, मला तुमच्या आधीपासून माहीत आहे."

थोरली पट्टा हातात धरून उभीच राहिली.

"तो रेकॉर्ड करून आला ना, त्याच दिवशी मला सांगितलं होतं त्याने," आई म्हणाली. "म्हणाला, आई, तुझ्यासाठी एक गंमत बोलून ठेवलीय. आम्हाला दोघांनाही कधी जाता आलं नाही की लागेल, तेव्हा ऐक. काय ते सांग म्हटलं तर सांगेना. तुला माहीत आहे तो कसा होता."

"मग तू कधी बोलली का नाहीस मला?"

आईने टॉवेल मांडीवर ठेवला.

"चार वर्षं दर गुरुवारी मी पावणेतीनला रेडिओ लावते," ती म्हणाली. "तीन वाजले की माझी नुसती धडधड. गाणं लागतं, गाणं संपतं, आणि मग तुझा आवाज येतो. की मी समजते, आज नाही."

थोरलीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दोनशे अकरा वेळा. मुरगळलेला पाय घेऊन जिना चढलेली दुपार तिला आठवली. त्या दिवशी ती माईकसमोर बसून धापा टाकत 'नमस्कार' म्हणाली होती, आणि इथे स्वयंपाकघरात आई मनात म्हणाली होती, आज नाही.

"मी तुझ्यासाठी जात होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुला त्रास होऊ नये म्हणून मरत होते मी. मला काय हौस होती? तू एकदा म्हणायचंस, जाऊ नकोस, मी सुखाने घरी बसले असते."

"तेच म्हणता येत नव्हतं." आई तिच्याकडे बघत नव्हती, टॉवेलाच्या काठाकडे बघत होती. "तू दमतेस ते मला दिसत होतं. आंधळी नाही मी. दर गुरुवारी जिभेवर यायचं, आज राहू दे, आराम कर. पण मी ते तुझ्या काळजीने म्हटलं नसतं गं. त्याचा आवाज हवा म्हणून म्हटलं असतं. पोटच्या पोरीला कसं सांगू, की आज तू नकोस, तो हवाय?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तिची घंटी उगीचच वाजली. थोरली आईसमोर खाली बसली. राग अजून होता, पण तो धरून ठेवायलाही ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती.

"आज मुद्दाम नाही उठवलंस," ती म्हणाली.

"आज तू घोरत होतीस. तोंड उघडं टाकून. तू कधी घोरत नाहीस. मी दोनला आले होते उठवायला, खरंच आले होते. तुझ्याजवळ बसले, तुझ्या केसांत ते पांढरं पांढरं सगळं. म्हटलं, झोपू दे. मग मनात आलं, हे मी नक्की कुणासाठी म्हणतेय? चादर घातली, दार लोटलं आणि इथे येऊन बसले. अजून मला कळलेलं नाही कुणासाठी. तू हवं तर मला बोल."

थोरलीने हातातला पट्टा गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "काय गंमत होती?"

आईच्या तोंडावर इतक्या दिवसांनी काहीतरी हललं.

"माझी मोठी कात्री हरवली होती बघ. मी तुझ्या नावाने शंख केला होता, की लॅबमध्ये नेलीस आणि विसरलीस. तर हा सांगतोय, आई, कात्री माझ्या हत्यारांच्या पिशवीत आहे, मी तिने वायर कापली, धार गेली, तुला सांगायची हिंमत नव्हती म्हणून रेडिओवर सांगतोय, आता सगळ्या गावादेखत तुला मला मारता येणार नाही." आई हसली आणि लगेच डोळ्यांना टॉवेल लावला. "मेल्याने चार वर्षं मला ताटकळत ठेवलं आणि सांगितलं काय, तर कात्री."

"मी तेव्हा दोन दिवस तुझ्याशी बोलत नव्हते त्या कात्रीपायी," थोरली म्हणाली.

"हो ना. आणि तो जेवताना मध्ये बसून आपल्या दोघींना उपदेश करत होता."

थोरलीला हसू आलं. मग ते अर्ध्यावर थांबलं.

"मी ऐकलेलं नाही ते," ती म्हणाली. "एकदाही नाही. मास्तर कितीदा म्हणाले, कॉपी घ्या. घरी कपाटात त्याचा आवाज आहे म्हटल्यावर हात गेला असता एखाद्या दिवशी, आणि एकटीने ऐकायचं धाडस नव्हतं मला. आणि आज लागलं तेव्हा मी इथे भिंतीपलीकडे घोरत होते."

आई तिच्याकडे बघतच राहिली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. चार वर्षं तिला वाटत होतं की थोरली दर गुरुवारी तिथे जाते, जिथे तो आवाज ठेवलाय तिथेच बसते, म्हणजे तिला हवं तेव्हा तो ऐकायला मिळत असणार.

"अगं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझं पाठ असेल."

फोन वाजला. मास्तर होते. थोरलीने घेतला.

"थोरलीबाई, आई बऱ्या आहेत ना? मी मघापासून येरझारा घालतोय. नियम म्हणजे नियम हे खरं, पण बटण दाबल्यावर सिस्टर ओरडली माझ्यावर."

"बरी आहे. एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी."

"वा. माझ्यापेक्षा चांगला." मास्तरांनी घसा साफ केला. "लोकांचे फोन आलेत बरं का. बरेच आलेत. ते मग सांगतो. आता पुढच्या गुरुवारचं..."

"पुढच्या गुरुवारी मी येत नाही, मास्तर."

"का? बरं नाही का?"

थोरलीच्या जिभेवर कारणं तयार होती. लॅबमध्ये काम आहे, आईला खोकला आहे, पाहुणे आहेत. चार वर्षांत एकही वापरलं नव्हतं, सगळी शिल्लक होती. तिने त्यातलं एकही काढलं नाही.

"दमलेय," ती म्हणाली. "फार दमलेय मी."

पलीकडे मास्तर नियमांच्या यादीत दमणं कुठे बसतं ते बहुधा शोधत असावेत.

"पण राखीव तोच आहे," ते शेवटी म्हणाले. "सलग दोनदा तोच लागला असं आजवर झालेलं नाही."

"लावा."

"बरं," मास्तर म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "बरं. लावतो."

थोरलीने फोन ओट्यावर ठेवला. आईने सगळं ऐकलं होतं. तिने उरलेला टॉवेल घडी केला, इतरांवर ठेवला आणि थोरलीच्या केसांतला प्लास्टरचा एक कण नखाने काढला.

"तुझ्याबद्दलही बोललाय तो," आई म्हणाली. "पहिल्याच गाण्याच्या आधी. सांगू?"

"नको," थोरली म्हणाली. "गुरुवारी ऐकते."